स्वमत कोणाचे?

सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. गावातल्या दहावीच्या मुलाला ‘बारवेची माहिती लिहा’ असे सांगितले, तर तो पाठ केलेला निबंध उतरवील. पण ‘या पायऱ्या सरळ न उतरवता गोल का उतरवल्या असाव्यात? स्वतः पाहिलेल्या दोन गोष्टींच्या आधारे लिहा’ असे विचारले, तर त्याला आधी बारव डोळ्यांपुढे आणावी लागेल. मुक्तोत्तरी प्रश्नाचा कस इथे लागतो.

राज्य मंडळाने दहावीच्या भाषाविषयांत कृतिपत्रिका आणली, ‘स्वमत’ विचारले. मार्च २०१९ मध्ये नव्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा झाली. हेतू उत्तमच होता. आज मात्र स्वमताचीही तयार उत्तरे मार्गदर्शकांत छापून मिळतात आणि मुले दुसऱ्याचे मत घोकून त्यावर गुण मिळवतात. यात दोष मुलांचा नाही. ज्या प्रश्नाला घोकलेले उत्तर पुरते, तो प्रश्नच कच्चा आहे.

गुणदानाचा प्रश्न त्याहून नाजूक. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांना तपासायला दिली. कोणी तिला शंभरपैकी तीसहून कमी गुण दिले, कोणी नव्वदहून अधिक. भूमितीत ही गत, तर मताचे काय? आपल्याकडे परीक्षकावर नियामक आणि मुख्य नियामक असतात. तरीही गठ्ठा संपवण्याच्या घाईत सुवाच्य अक्षर आणि घोटीव भाषा विचारावर मात करू शकते. ‘पाणी खाली गेलं की तितकंच खाली उतरायचं’ असे घरच्या बोलीत लिहिणाऱ्या मुलाने बारवेचे मर्म पकडलेले असते. त्या विचाराचे गुण वेगळे आणि शुद्धलेखनाचे वेगळे, हे प्रश्न काढतानाच ठरले पाहिजे. चार, तीन, दोन गुणांची खरी नमुना उत्तरे परीक्षकासमोर हवीत. एका प्रश्नाची सगळी उत्तरे सलग तपासावीत, मगच पुढच्याला हात घालावा. याला वेळ लागतो. तो वेळ आणि त्याचे रास्त मानधन परीक्षकांना मिळायलाच हवे.

राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे ही मुले पुढेही अशाच तपासणीला सामोरी जाणार. मंडळाने दरवर्षी स्वमताच्या प्रश्नांची गुणदान योजना नमुना उत्तरांसह खुली करावी आणि ती वालूरच्या शाळेतही पोहोचवावी.