चिखल फुकट नसतो

आधी कबुली देऊन टाकते. मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपच्या चिखल-रेसमध्ये मी शेवटून पहिली आले होते. साधी माउंटन बाइक, ऑफिसच्या खुर्चीत वाढलेले पाय आणि वर समोसा. त्यामुळे यंदा जेव्हा आमच्या आयटीवाल्याने जाहीर केलं, 'या वेळी सगळे इलेक्ट्रिकवर', तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. मोटर असेल तर मीही जिंकू शकते, बॉस!

जुलैचा दुसरा वीकेंड. शनिवारी संध्याकाळी चर्चगेटहून डहाणू लोकल पकडली. ही लोकल 2013 पासून थेट डहाणू रोडपर्यंत जाते, पण विरारच्या पुढे खिडकीबाहेर जे हिरवं सुरू होतं ते बघायला आपल्याला वेळ कुठे असतो? डहाणूहून रिक्षाने घोलवड. सायकली आधीच टेम्पोने येऊन पडल्या होत्या. मुक्काम चिकूच्या वाडीत. 2016 साली जीआय टॅग मिळालेला डहाणू-घोलवडचा तो हाच चिकू! रात्रभर पत्र्यावर पाऊस आणि ताटात चिकूच्या चिप्स. लाइफ सेट.

सकाळी ब्रीफिंग. या सायकलींना अॅक्सिलरेटर नसतो हो. तुम्ही पेडल मारलं तरच मोटर मदत करते. आपल्याकडे 250 वॉटच्या आतली मोटर असलेली आणि ताशी 25 किलोमीटरला मदत बंद करणारी सायकल कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत. म्हणजे ना लायसन्स, ना नंबर प्लेट. 'पण ही चीटिंग नाही का?' असं आमच्या बँकवालीने विचारलंच. तिला सांगितलं, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने 2019 मध्ये कॅनडातल्या माँ-सँत-आन इथे ई-माउंटन बाइकची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप भरवली. पुरुषांत दक्षिण आफ्रिकेचा अॅलन हॅदर्ली जिंकला, महिलांत स्वित्झर्लंडची नताली श्नायटर. त्यांना इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी मिळते, मग आम्हाला वडापाव तरी मिळावा.

बारा जण, अठरा किलोमीटर. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतून निघायचं, बारडचा डोंगर बाजूला ठेवून तलासरी तालुक्यात शिरायचं आणि फिरून परत. संजाण पडल्यावर याच डोंगरातल्या बाहरोटच्या लेण्यांत पवित्र अग्नी लपवून ठेवला होता, असं पारशी परंपरा सांगते. माझ्या डोक्यात मात्र त्या वेळी इतिहास नव्हता, टर्बो मोड होता.

आणि तिथेच पहिला धडा मिळाला. चिखलात टर्बो म्हणजे आत्महत्या! पाय जरा दाबला की मागचं चाक जागच्या जागी गरगरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. वर सायकलचं वजन वीस-पंचवीस किलो. साध्या सायकलच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या उतारावर मी ती घेऊन आडवी झाले. मग वाडीतल्या पोऱ्याने दिलेला सल्ला आठवला: टायरमधली हवा कमी ठेवा, हलका गिअर घ्या, मोड खाली आणा आणि पाय भरभर फिरवा. केलं, आणि काय सांगू! पाचव्या किलोमीटरला मी सहावी होते, आठव्याला तिसरी. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी 'साइड, साइड' ओरडत होते.

दहाव्या किलोमीटरच्या आसपास तलासरीच्या हद्दीतला एक पाडा लागला. बैलगाडीची वाट लांबून वळसा घेत होती, पण पुढच्या दोघांच्या चाकांच्या खुणा सरळ भाताच्या बांधावरून गेलेल्या. मीही वळवली. मध्यावर चाक घसरलं, बांधाच्या कडेत रुतलं, मी ओढून काढलं आणि निघणार इतक्यात मागून आवाज आला.

'बाय, पानी चाललं बघ!'

इरलं पांघरलेली एक मावशी खाचरात वाकून आवणी करत होती. मी मागे पाहिलं. माझ्या टायरने पाडलेल्या खाचेतून पाणी खालच्या खाचरात पळत होतं. आधी बोटभर धार, मग हातभर खांड. बांध ताज्या चिखलाने लिंपलेला, कुठे टिकणार? खालच्या खाचरात सकाळीच लावलेली रोपं पाण्याच्या लोंढ्यात उपटून तरंगायला लागली.

खरं सांगते, पहिला विचार आला तो 'सॉरी म्हणून निघावं' हाच. मी तिसरी होते हो! पण मावशी काही ओरडली नाही. हातातली रोपांची मूठ खाली ठेवून ती सरळ खांडीकडे आली आणि चिखलाचे गोळे टाकायला लागली. जणू हे काम तिचंच. ते पाहून मला सायकल टाकावीच लागली.

पाऊण तास लागला. आधी दगड, मग गवताची ढेकळं, वर चिखल, आणि टाचेने दाबायचं. माझे शूज त्या चिखलात गेले ते गेलेच. काम चालू असताना मागून आमचेच एकेक जण येत होते. मी मध्येच उठून वळणावर उभी राहिले आणि सगळ्यांना गाडीवाटेने पिटाळलं. दोघं वैतागले, बाकीचे 'ऑल द बेस्ट' म्हणून हसत गेले. निघताना मी पाकीट काढलं. मावशी म्हणाली, 'पैसं नको. तुझी मानसं परत इकडून नको येऊ दे.' आणि तरंगणारी रोपं गोळा करायला खाली गेली. ती पुन्हा लावायची होती. तेवढं काम तिच्या अंगावर ठेवूनच मी निघाले.

परतीच्या वाटेवर बॅटरी संपली. मोटरशिवाय पंचवीस किलो ढकलताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. कॉलेजात वाचलेलं आठवत होतं. याच तालुक्यातल्या झरी गावात मे 1945 मध्ये वारली शेतमजूर जमले होते. जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबायचं नाही, असं ठरवून त्यांनी लढा उभारला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्याच लढ्याचं पुस्तक. बांधावर जे झालं ते काय होतं? माझ्या मजेपायी तिला अर्ध्या दिवसाचं बिनपैशाचं काम. कितीही गोड शब्द वापरा, ही वेठच की!

रात्री जेवताना हा विषय काढला आणि माहोलचा पार कचरा झाला. आयटीवाला म्हणाला, 'मी वाडीमालकांची परवानगी घेतली होती.' खरंच घेतली होती. पण बांधावरून जायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. ते आम्ही सगळ्यांनी, एकमेकांच्या चाकोरीतून, आपोआप केलं. मग बँकवाली म्हणाली, 'पुढच्या वर्षी शेतात कुणी नसताना येऊ.' यावर सगळे गप्प. कारण जुलैत चिखल असतो, म्हणूनच आवणी असते. चिखल पाहिजे तर शेतात माणसं असणारच. आपल्याला जो वीकेंडचा थ्रिल, तो त्यांचा वर्षाचा तांदूळ.

शेवटी इतकंच ठरलं: पुढच्या वेळी रेस फक्त वाडीच्या आत आणि गाडीवाटेवर. रूट आदल्या दिवशी पायी चालून, पाड्यावर विचारून नक्की करायचा. प्रत्येक वळणावर तिथलाच एक माणूस उभा करायचा, दिवसाची मजुरी देऊन. थ्रिल थोडा कमी होईल. होऊ दे.

तुम्हीही जाणार असाल तर दोन टिप्स. सायकल धुताना जोराच्या पाण्याचा पाइप मोटर आणि बेअरिंगवर मारू नका, बादली आणि फडकं बेस्ट. आणि पुढच्याच्या चाकाच्या खुणा दिसल्या म्हणून तिकडे वळू नका. खूण म्हणजे रस्ता नव्हे.

हो, नंबर विचाराल तर यंदाही बारावी. शेवटून पहिली. वडापाव मात्र मिळाला, तोही थंड.