परगावच्या ग्राहकाकडून स्क्रीन नको, लॉग मागवा

मोबाईल दुरुस्तीवाले मला नेहमी विचारतात: ग्राहक परगावी आहे, ॲप सारखं बंद पडतंय, एनीडेस्कवर त्याची स्क्रीन घेऊ का? माझं स्पष्ट मत, नको. याच ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये बँकांना सावध केलं होतं. उद्या त्याच्या खात्यातून पैसे गेले तर पहिला संशय तुमच्यावर.

त्यापेक्षा बग रिपोर्ट मागवा. अँड्रॉइडमध्ये ‘बिल्ड नंबर’वर 7 वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे तो पर्याय असतो. काही मिनिटांत झिप फाईल तयार. मात्र बिघाड झाल्या झाल्या घ्यायला सांगा. लॉगची जागा थोडी, नव्या नोंदी जुन्या पुसतात. सकाळचा बिघाड रात्रीच्या लॉगमध्ये बहुतेक सापडत नाही.

आणि हो, त्या फाईलमध्ये खात्यांची, वाय-फायची, ॲप्सची नावं येऊ शकतात. हे ग्राहकाला आधी सांगा, मगच मागवा. कारागिरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, काम झालं की डिलीट. डेव्हलपर ऑप्शन्सही बंद करायला लावा. ते चालू असले तर बँकांची काही ॲप्स उघडतच नाहीत, आणि मग पुन्हा फोन तुम्हालाच!

या तपासणीचे पैसे घ्या. फोन हातात नव्हता म्हणून काम फुकट होत नाही.