निकाल मैदानावर, निवड उजेडात

डिसेंबरच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ग्रेपवाइनच्या एका हॉटेलात तेरा जणांची समिती दार लावून बसते आणि अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या अजिंक्यपदासाठी कोणी खेळायचं ते ठरवते. २०२५च्या हंगामात वरच्या श्रेणीत १३६ विद्यापीठांचे संघ होते. जागा बारा. त्यातल्या पाच कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, विजेत्यांसाठी राखीव, उरलेल्या सात समितीच्या मर्जीवर. त्या मर्जीचा हिशेब मागण्यासाठी आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत.

आम्ही प्रेक्षक आहोत. कुणी कोलंबसला एम.एस. करताना या खेळाच्या नादी लागला, कुणाला लेकीच्या कॉलेजमुळे त्याची गोडी लागली. आमचे संघ वेगळे आहेत आणि शनिवारी आम्ही एकमेकांच्या विरोधात ओरडत असतो. जाहीरनामा मात्र एकच आहे.

समितीच नको, असं आम्ही म्हणत नाही. आयपीएलमध्ये दहा संघ असतात, गुणतक्ता समोर असतो आणि गुण सारखे झाले तर नेट रनरेट असतो. इथे १३६ संघ साधारण बारा-बारा सामने खेळतात. बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. कुणीतरी तारतम्याने निवड करायलाच हवी. पण ती झालेल्या खेळावरून व्हावी, होणाऱ्या खेळाच्या अंदाजावरून नाही.

२०२३ साली काय झालं ते आम्ही विसरायला तयार नाही. तेव्हा जागा चारच होत्या. फ्लोरिडा स्टेटचा संघ एकही सामना हरला नव्हता. १८ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय जायबंदी झाला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. पुढच्या शनिवारी बदली खेळाडूला घेऊन संघाने फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर २४-१५ असं हरवलं. मग तो बदली खेळाडूही डोक्याला मार लागून बाहेर बसला. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या क्रमांकाचा, पहिल्या वर्षाचा पोरगा क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्याला फारसं काही जमत नव्हतं, पण बचावफळीने लुइव्हिलला अख्ख्या सामन्यात सहा गुणांवर रोखून धरलं. १६-६. तेरा सामने, तेरा विजय.

दुसऱ्या दिवशी समितीने त्यांना पाचवं ठरवलं आणि चौथी जागा अलाबामाला दिली. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एखादीचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. ट्रॅव्हिसशिवायचा हा संघ आता तोच राहिलेला नाही, असं कारण दिलं गेलं. त्यावर ट्रॅव्हिसने जाहीरपणे म्हटलं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकवर उभा नाही हे लोकांना दिसलं असतं. विशीतल्या खेळाडूवर असं म्हणायची पाळी आणणारी पद्धत आम्हाला मान्य नाही.

अलाबामाचा दावा पोकळ नव्हता, हेही आम्ही मान्य करतो. त्यांनी आदल्याच दिवशी अव्वल क्रमांकाच्या जॉर्जियाला हरवलं होतं. पुढे ऑरेंज बाउल या हंगामानंतरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला, याकडे बोट दाखवून समिती बरोबरच होती असं सांगितलं जातं. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे कित्येक मुख्य खेळाडू उतरलेच नव्हते. आणि उतरले असते तरी तेरा विजय पुसले जात नाहीत. म्हणून आमची पहिली मागणी: झालेला पराभव समजून घेताना दुखापत जरूर विचारात घ्या, पुढचं भाकीत करण्यासाठी तिचा वापर करणारं कलम मात्र काढून टाका.

दुसरी मागणी आमनेसामनेच्या सामन्याची. ३१ ऑगस्ट २०२५ला मायामीने नोटर डेमला २७-२४ असं हरवलं. हंगामअखेर दोघांच्याही नावावर दहा विजय आणि दोन पराभव. तरी नोव्हेंबरभर समितीच्या यादीत नोटर डेम वर, मायामी खाली. शेवटच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही खेळलं नाही, आणि त्याच आठवड्यात क्रम उलटला. स्पष्टीकरण असं आलं की दोघांच्या मध्ये असलेला ब्रिगम यंग विद्यापीठाचा संघ हरून खाली गेला, दोघं शेजारी आले, मग ऑगस्टमधला निकाल धरला गेला. मायामीला जागा मिळाली ते योग्यच झालं. हा संघ पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. पण नोटर डेमच्या पोरांना पाच आठवडे आशेवर झुलवलं त्याचं काय? त्यांनी दुसऱ्या कुठल्याही बाउलला जायला नकार दिला. आम्ही त्यांना दोष देत नाही.

दर मंगळवारी टीव्हीवर यादी जाहीर करण्याचा कार्यक्रम म्हणूनच बंद करा. २०१४ साली टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ (टीसीयू) तिसऱ्या क्रमांकावर होतं. शेवटचा सामना त्यांनी ५५-३ असा जिंकला आणि यादीत सहावे झाले. ती आधीची यादी कशासाठी होती? सगळे सामने संपल्यावर एकच यादी काढा.

मतपत्रिका उघड करा. असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत कोणत्या पत्रकाराने कोणाला कितवं ठेवलं ते कुणालाही पाहता येतं. तिथे पणाला काहीच नसतं. इथे २०२५च्या हंगामात प्लेऑफमध्ये गेलेल्या प्रत्येक संघामागे त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळाले. समितीत विद्यापीठांचे विद्यमान क्रीडा संचालक बसतात. स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघाला की सदस्याने खोलीबाहेर जायचं, हा नियम चांगला आहे, पण अपुरा. कॉन्फरन्सच्या पैशात त्याच्या विद्यापीठाचाही वाटा असतो.

जागा सोळा करा, चोवीस करा, अशी चर्चा चालू आहे. तिच्यात आम्ही पडत नाही. मग सतराव्यावर भांडण होईल, पंचविसाव्यावर होईल.

समितीकडून जे मागतो ते आधी आम्ही स्वतः करू. आमच्यातला प्रत्येक जण हंगामाचा पहिला चेंडू उडण्याआधी आपला निकष लिहून सही करून देईल: पराभव किती जड धरायचा, तगड्या प्रतिस्पर्ध्यांना किती वजन द्यायचं, कॉन्फरन्सच्या विजेतेपदाला किती. डिसेंबरमध्ये त्याच निकषाने तो आपली बाराची यादी काढेल, मग आपला संघ त्यातून गळला तरी बेहत्तर. खेळाडूंना शिवीगाळ करणाऱ्याला आमच्यात जागा नाही.

निकष ऑगस्ट उजाडायच्या आत आमच्याकडे पोचले पाहिजेत. हंगाम सुरू होण्याआधी आम्ही ते सगळ्यांसाठी खुले करू, आणि निवडीच्या रविवारी प्रत्येकाची यादी त्याच्या निकषाशेजारी लावू.