मुलांच्या मनातील भीती येते कोठून?

राजस्थानातील कोटा शहरात ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश काढला. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करणारी मुले जीव देत होती, त्यावर शासनाला सुचलेला हा उपाय! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि या यादीत सर्वांत वर नाव होते ते महाराष्ट्राचे. या साऱ्या आत्महत्या परीक्षेपायीच झाल्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक वेळी पालकांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगून विषय मिटविला जातो, तो मात्र मिटत नाही.

मानसशास्त्रज्ञ हेविट आणि फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात माणूस स्वतःकडून निर्दोषत्वाची अपेक्षा करतो, दुसऱ्यात इतरांकडून. तिसऱ्यात त्याला वाटते की, मी निर्दोष असलो तरच इतर मला आपले मानतील. चिंता आणि खिन्नता यांच्याशी निकटचे नाते आहे ते या तिसऱ्याचे. करन आणि हिल यांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील ४१,६४१ विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील माहिती तपासली, तेव्हा हाच प्रकार ३३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. त्या दशकांत तेथे रुजलेल्या स्पर्धाखोर व्यक्तिवादाशी या वाढीचा संबंध त्यांनी जोडला. (हे दोघे मानसशास्त्राचे अभ्यासक आहेत, आपल्या अभ्यासवर्गातील वक्ते नव्हेत.)

आकडे तिकडचे असले तरी ती स्पर्धा आपल्या घराघरांत आहे. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली. जागा १ लाखाच्या थोड्या वर आणि त्यांतील सरकारी महाविद्यालयांच्या जागा जेमतेम निम्म्या. उरलेल्यांचे शुल्क ऐकूनच सामान्य माणसाने माघारी फिरावे. ज्या बापाची कायम नोकरी जाऊन तेथे कंत्राट आले, त्याला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. म्हणून तो शेत गहाण टाकून मुलाला लातूरला किंवा कोट्याला धाडतो. ‘तुझ्यासाठी आम्ही पोटाला चिमटा घेतला,’ हे त्याचे वाक्य खोटे नसते. पण सोळा वर्षांच्या पोराच्या कानी ते कर्जाच्या तगाद्यासारखे पडते. चाचणीत पाच गुण कमी पडले की, आपण केवळ पेपरात चुकलो असे त्याला वाटत नाही. आईबापांचे ऋण आणखी वाढले असे वाटते. घरी फोन करताना ते गुण लपवते. मग लपविण्याची भीती निराळीच! बापाला जी असुरक्षितता व्यवस्थेने दिली, तीच मायेच्या रूपाने मुलापर्यंत पोहोचते.

म्हणून पालकांना सर्वस्वी मोकळे सोडावे असे मात्र नाही. सकाळी शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्धच्या मोर्चात घोषणा द्यावयाच्या आणि सायंकाळी मुलाच्या गुणपत्रिकेची शेजाऱ्याच्या मुलाच्या गुणांशी तुलना करावयाची, हे आपल्याही घरांत चालते. नव्वद गुण घेऊन आलेल्या मुलीला ‘उरलेले दहा कोठे गेले?’ असे विचारणारा कार्यकर्ता समतेवर कितीही चांगले बोलत असो, घरात तो बाजाराचाच हस्तक असतो.

कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची शिफारस १९६६ मध्ये केली. ती आजही अपुरीच आहे. सरकारी जागा आणि पक्क्या नोकऱ्या वाढल्याशिवाय ही रांग आखूड होणार नाही. तो लढा दीर्घ आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने १६ वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या तालुक्यातील वर्गांच्या फलकांवर आठवी-नववीच्या तुकड्यांची जाहिरात अजून झळकते काय, हे शाखांना या आठवड्यातच पाहता येईल. आणि निकालाच्या दिवशी गुण विचारण्याआधी पोर जेवले का, एवढे विचारायला तर कोणत्याही ठरावाची गरज नाही.