माहितीची देवघेव : सीमाभागाच्या दृष्टीने एक विचार

दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, त्या वेळी आपला बीदर जिल्हाही तीन राज्यांत विभागला गेला. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला; उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले; जहिराबाद व नारायणखेड यांचा समावेश आंध्र प्रदेशात झाला. शेते, देवळे, दर्गे आणि सोयरिकी जागच्या जागी राहिल्या. दप्तरे मात्र वाटली गेली, आणि जी वाटता येण्यासारखी नव्हती ती हैदराबादेसच राहिली. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी जी समिती नेमली, तिला निजामकालीन कागदांसाठी हैदराबादची वाट धरावी लागली. त्या प्रश्नाच्या गुणावगुणांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ज्या प्रजेविषयीची ती नोंद, ती प्रजा एका राज्यात आणि नोंद दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती ६७ वर्षांनंतरही होती, एवढेच लक्षात घ्यावे.

आता दप्तरे संगणकात गेली आहेत. कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली पहाणीपत्रके गेल्या पंचवीस वर्षांपासून संगणकावर मिळतात. पलीकडे महाराष्ट्रात सातबाराही तसाच मिळतो. सर्वसाधारण समजूत अशी की, कागद संगणकात गेला म्हणजे अंतर नाहीसे झाले. वस्तुस्थिती तशी नाही. इकडचा संगणक तिकडच्या संगणकाशी बोलत नाही. म्हणून ज्याची जमीन सीमेच्या दोन्ही अंगांस आहे तो शेतकरी इकडची पहाणी छापून घेतो, तिकडचा सातबारा छापून घेतो, दोन्हींवर शिक्के मारून घेतो आणि पिशवीत घालून बँकेपुढे उभा राहतो. यंत्रे दोन, आणि त्यांच्यामधला हमाल म्हणजे नागरिक! आमचा विद्यार्थी दहावी उत्तीर्ण होऊन उदगीरास किंवा लातुरास प्रवेश घेण्यास निघतो, तेव्हा तोही हाच हमाल असतो.

यावर पहिला उपाय सुचतो तो सर्व दप्तरे राजधानीत एका मोठ्या कोठारात भरून ठेवावीत हा. हा उपाय राज्यकर्त्यांस नेहमीच आवडत आला आहे. परंतु एकाच कोठारात सर्व धान्य साठविले म्हणजे एका उंदराचेही काम सोपे होते. शिवाय कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर सर्वांना राहावे लागते. शेजारचे राज्य आपले दप्तर आपल्या स्वाधीन करील, ही अपेक्षा तर सीमाभागात राहणाऱ्याने करूच नये.

दुसरा उपाय अधिक समंजस आहे. प्रत्येक संस्थेने आपले दप्तर आपल्याच घरी ठेवावे. मात्र उंबरठ्यावर एक विश्वासू कारकून बसवावा, तसाच दुसऱ्या संस्थेच्या उंबरठ्यावरही असावा, आणि देवघेव या दोन कारकुनांमध्येच व्हावी. हा कारकून माणूस नसून संगणकाची एक प्रणाली असते. तिला 'कनेक्टर' म्हणतात. मराठीत 'जोडणी' म्हटले तरी चालेल.

ही जोडणी काम कशी करते, ते आपल्या विद्यार्थ्याच्याच उदाहरणाने पाहू. उदगीरच्या एखाद्या महाविद्यालयास भालकीच्या एका विद्यार्थिनीचे दहावीचे गुण पडताळून पाहावयाचे आहेत, असे समजा. महाविद्यालयाची जोडणी कर्नाटकाच्या परीक्षा मंडळाच्या जोडणीस प्रथम आपली ओळख पटविते. ही ओळख अंकीय प्रमाणपत्राने पटते. शिक्क्याप्रमाणे तिची नक्कल करणे सोपे नसते. मग मंडळाची जोडणी आपल्याकडे काय काय मिळू शकते याची सूची पुढे करते आणि प्रत्येक वस्तूबरोबर अटी सांगते : हे गुण केवळ प्रवेशाच्या कामासाठी, याच विद्यार्थिनीपुरते, तिची व तिच्या पालकांची संमती असेल तरच, आणि इतक्या दिवसांच्या आत वापरावयाचे. अटी मान्य झाल्या की दोहोंमध्ये करार होतो व तो दोन्ही बाजूंस नोंदला जातो. त्यानंतरच गुण रवाना होतात, आणि तेही वाटेत कोणास वाचता येऊ नयेत अशा सांकेतिक रूपात. जन्मतारखेची गरज नसेल तर ती जात नाही. जातीची गरज नसेल तर जातही जात नाही. (शेवटच्या वाक्यातील श्लेष मजकडून हेतुपुरस्सर झालेला नाही; पण तो राहू द्यावा.) मागितले तेवढेच द्यावयाचे आणि दिले त्याची नोंद ठेवावयाची, ही या व्यवस्थेची गुरुकिल्ली होय.

आमच्या भागात याहूनही निकडीची देवघेव पाण्याच्या माहितीची आहे. भीमा भीमाशंकरास उगम पावते. उजनीच्या धरणात विसावते. नीरेस पोटात घेऊन पंढरपुरावरून खाली येते आणि कलबुर्गी जिल्ह्यात अफजलपूर, गाणगापूर, जेवर्गी असा मार्ग आक्रमिते. ऑक्टोबर २०२० मध्ये वरच्या अंगास अतिवृष्टी झाली, उजनी व वीर या धरणांतून पाणी सोडावे लागले आणि कलबुर्गीच्या नदीकाठची गावे जलमय झाली. धरण एका राज्याचे, पूर दुसऱ्या राज्याचा! पूरकाळात दोन्ही राज्यांचे अभियंते एकमेकांशी संपर्क ठेवतात, हे खरे. परंतु दूरध्वनीवरून कळविलेला आकडा जिल्ह्यात, तालुक्यात, मग गावात उतरेपर्यंत पाणी त्याच्यापुढे निघून जाण्याची भीती असते. वस्तुतः खालच्या राज्यास वरच्या राज्याचे संपूर्ण दप्तर नको असते. सिंचनाचे हिशेब, पाणीवाटपाचे वाद, लवादापुढील कागद यांपैकी काहीही नको असते. धरणातील पातळी किती, दर तासाला विसर्ग किती आणि पुढील काही तासांत किती करण्याचा विचार आहे, एवढेच हवे असते. वादाची माहिती घरात ठेवून जीव वाचविणारी माहिती आपोआप शेजाऱ्यास देता यावी, यासाठी जोडणीसारखे दुसरे योग्य साधन माझ्या पाहण्यात नाही. मांजरा नदीचीही कथा निराळी नाही. ती बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर व बीदर ओलांडते आणि तेलंगणात निजामसागरास मिळते, म्हणजे तेथे शेजारी दोन नसून तीन आहेत.

हे सर्व स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणू नये. युरोपातील एस्टोनिया या चिमुकल्या देशाने २००१ साली 'एक्स-रोड' नावाची अशीच व्यवस्था उभी केली. तेथे सर्वांची माहिती एका ठिकाणी नाही. प्रत्येक खात्याच्या दारात एक सुरक्षा-संगणक आहे आणि प्रत्येक निरोपावर सही व वेळ यांची मोहोर उमटते. आपली नोंद कोणत्या खात्याने केव्हा पाहिली, हे नागरिकास स्वतः पाहता येते. पुढे शेजारच्या फिनलंडने हीच व्यवस्था स्वीकारली, आणि २०१७ साली दोन्ही देशांनी मिळून तिच्या देखभालीसाठी एक संयुक्त संस्था स्थापन केली. जानेवारी २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टराने संगणकावर लिहिलेले औषध एस्टोनियातील दुकानात मिळू लागले. या दोन राष्ट्रांमध्ये समुद्र आहे. भालकी आणि उदगीर यांच्यामध्ये एक रस्ता आहे.

आपल्या देशातही आरंभ झालेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केंद्र शासनाच्या साहाय्याने शहरांसाठी माहिती-विनिमयाची एक मुक्त प्रणाली तयार झाली आणि पुण्यासह काही शहरांत ती वापरात आली. तिच्याच पायावर ऑगस्ट २०२३ मध्ये तेलंगणाने हैदराबादेस शेतीच्या माहितीचा विनिमय सुरू केला. बंगळूर आमच्या राज्याची राजधानी आणि हैदराबाद आमची जुनी राजधानी; दोन्ही ठिकाणी दिवा लागला आहे.

प्रणाली मुक्त असावी, हा आग्रह मी मुद्दाम धरतो. मुक्त याचा अर्थ फुकट एवढाच घेऊ नये. तिची मूळ संहिता कोणासही वाचता येते, तपासता येते व दुरुस्त करता येते, हा त्याचा खरा अर्थ. दोन शेजाऱ्यांत विश्वास कमी असेल, तर दोघांच्या दारात बसणारा कारकून कोणाचा पगारी असावा हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. कर्नाटकाने बनविलेली बंद पेटी महाराष्ट्र आपल्या दारात ठेवणार नाही, आणि महाराष्ट्राची कर्नाटक ठेवणार नाही. एखाद्या खाजगी कंपनीची ठेवली, तर पुढे ती मागेल ते भाडे दोघांनाही मुकाट्याने द्यावे लागेल. मुक्त संहितेत हा संशयच उरत नाही, कारण दोन्हीकडील तज्ज्ञ तिची ओळ न् ओळ वाचू शकतात. एक्स-रोडची संहिता २०१६ साली खुली झाली. जर्मनीतील मोटार-उद्योग व संशोधनसंस्था यांच्या पुढाकाराने २०२१ पासून 'एक्लिप्स फाउंडेशन'च्या छत्राखाली जी जोडणी घडत आहे, तीही खुलीच आहे. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असणारे कारखानदार जर तिच्यावर विसंबतात, तर दोन राज्य सरकारांनी संकोच का करावा?

येथे एका वास्तव अडचणीचा उल्लेख केला पाहिजे; तंत्रज्ञ तिला गौण मानतात, परंतु माझ्या मते तीच मुख्य आहे. दोन संगणक जोडले गेले तरी दोघांना एकच शब्द एकाच अर्थी समजला पाहिजे. पहाणी व सातबारा ही जवळजवळ एकाच वस्तूची दोन नावे, हे यंत्रास कोणी तरी शिकवावे लागेल. महाराष्ट्रात नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. कर्नाटकात पुष्कळदा नाव आणि पुढे आद्याक्षरे. उदगीरास १९५० साली जन्मलेला गृहस्थ घर न सोडता प्रथम बीदर, मग उस्मानाबाद आणि १९८२ नंतर लातूर जिल्ह्याचा रहिवासी झाला. गुलबर्ग्याचे २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले. २०१४ पूर्वीचा दाखला घेऊन जाणाऱ्या मुलाचा जिल्हा यंत्रास अस्तित्वातच नाही असे वाटले, तर दोष मुलाचा नव्हे. प्रस्तुत लेखकाची मातृभाषा कोकणी. ती देवनागरी, कन्नड, रोमी, मल्याळम व फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. एकाच कुळातील गोव्याचा कामत आणि मंगळूरचा कामत इंग्रजी अक्षरांत शेवटच्या एका अक्षराने वेगळे होतात, आणि यंत्राच्या दृष्टीने त्यांचे नाते तेथेच तुटते. त्यामुळे या विषयाकडे मी थोड्या आपुलकीने पाहतो, हे कबूल करावयास हरकत नाही.

जोडणीकडून भलती अपेक्षाही करू नये. माहिती दुसऱ्याच्या हाती पडल्यावर तो तिचे काय करतो, हे पहिल्या दारातील कारकुनास दिसत नाही. तेथे कराराचा आणि कायद्याचाच धाक हवा. २०२३ च्या वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. पण तांड्यावरील आईने ज्या भाषेतील कागदावर अंगठा उठविला, ती भाषाच तिला कळत नसेल, तर त्या संमतीस काय अर्थ? संमतीपत्र कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू या चारही भाषांत असावे, आणि ते वाचून दाखविण्यास गावात कोणी तरी बांधील असावे. यास खर्च येईल. तो खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे.

मोठी कामे शासनांनी करावयाची आहेत. एक लहान काम मात्र आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांना करता येण्यासारखे आहे. आपल्या तालुक्यातील प्रत्येक गावाचे नाव कन्नड, देवनागरी व रोमी लिपींत, जुन्या व नव्या अशा सर्व रूपांसह, एका तक्त्यात मांडावे. पुढेमागे कोणतीही जोडणी आली, तरी तिला असा तक्ता लागणारच आहे. आरंभ औरादपासून करावा : एक औराद बीदर जिल्ह्यात तालुक्याचे ठिकाण आहे, दुसरे औराद शहाजानी पलीकडे निलंगा तालुक्यात आहे, आणि एकाची पत्रे दुसऱ्याकडे जाण्यास संगणकाचीही गरज पडत नाही.