बंदुकीवर नाव कोणाचे?

दरवर्षी डिसेंबर उजाडला की आमच्या ग्रुपवर भीमा कोरेगावच्या तयारीचे मेसेज सुरू होतात. बस किती, निळे झेंडे किती, पुस्तकांचे स्टॉल कोण लावणार. गेल्या वेळी त्यात एक वेगळाच मेसेज आला. परदेशातल्या एका लिलावघराच्या कॅटलॉगमधला फोटो. लांब नळीची चकमकीची बंदूक, लाकडी दस्ता, पितळी पट्ट्या. खाली कोणीतरी लिहिले होते : "हीच ती कोरेगावची बंदूक! आपल्या पूर्वजांच्या हातातली! समाजाने वर्गणी काढून ती परत आणावी."

दोन तासांत शंभरेक जयभीम पडले. कोणी हजार रुपये जाहीर केले, कोणी पाच हजार. एका मित्राने मुद्दाही बिनतोड मांडला. राज्य सरकार २०२५ साली लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपये मोजून आणते, तिचे मुंबईत वाजतगाजत स्वागत होते. मग आमच्या शूरांची बंदूक का येऊ नये? त्यांचा इतिहास इतिहास आणि आमचा काय भंगार?

प्रश्न रास्त आहे. तरीही आम्ही त्या वर्गणीला विरोध केला आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या. तो विरोध का केला, हे एकदा सविस्तर मांडले पाहिजे.

आधी लिलावात नेमके काय विकले जाते ते समजून घेऊ. जुन्या लष्करी रायफली आणि कार्बाइनी, म्हणजे घोडेस्वार व तोफखान्यासाठी आखूड केलेल्या बंदुका, गोळा करणारे संग्राहक ब्रिटन-अमेरिकेत हजारोंनी आहेत. हा माणूस बंदूक हातात घेतली की आधी तिच्यावरचे शिक्के वाचतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीवर जुन्या काळी बदामाच्या आकारातली कंपनीची खूण असे, १८०८ च्या सुमारास तिच्या जागी सिंह आला. पुढे राणीचे राज्य आल्यावर बाणाची खूण आणि तिच्यासोबत हिंदुस्थानसाठीचे इंग्रजी अक्षर. दस्त्यावर कधी पलटणीचा आकडा, कधी शस्त्रागारातला क्रमांक. या खुणांवर किंमत ठरते. नळी, चाप आणि दस्ता मूळचे एकमेकांचेच असतील तर भाव चढतो. बंदूक अमुक लढाईत होती याचा कागद असेल तर आणखी चढतो. हातोडा पडल्यावर लिलावघराचे कमिशन वेगळे. मोठ्या घरांत ते बोलीच्या पाव हिश्श्याच्या आसपास जाते.

आता त्या फोटोखालची कॅटलॉगमधली नोंद आम्ही शब्दन् शब्द वाचली. त्यात कोरेगावचा उल्लेख नव्हता. पलटणीचा आकडा नव्हता. ती कंपनीची बंदूक होती, एवढेच. कंपनीने अशा बंदुका लाखांच्या हिशेबात घेतल्या. 'कोरेगावची' हा शब्द लिलाववाल्याने लिहिलेला नाही, तो आपल्याच माणसाने जोडला. उद्या विहारात काचेच्या पेटीत ती ठेवली आणि कोणी पुरावा मागितला, तर आपण काय दाखवणार? ज्यांच्या भाकडकथा आपण रोज पुरावे मागून उघड्या पाडतो, त्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहायचे का?

दुसरा मेसेज तर याहून गमतीचा होता. "बंदुकीवर मराठी अक्षरे कोरलेली सापडली!" अक्षरे देवनागरी होती हे खरे, पण बंदूक नेपाळची होती. २००३ साली दोन अमेरिकी व्यापारी कंपन्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला राणा राजवटीपासून पडून असलेला जुना शस्त्रसाठा उचलला. त्यात पन्नास हजारांच्या आसपास बंदुका होत्या. ब्राउन बेस, एनफील्ड, मार्टिनी-हेन्री आणि नेपाळातच घडवलेल्या गहेंद्र रायफली. तेव्हापासून देवनागरी शिक्क्यांच्या बंदुका जगभरच्या संग्राहकांकडे फिरत आहेत. लिपी आपली दिसली म्हणून वस्तू आपली होत नाही.

आता मूळ मुद्दा. रघुजींच्या तलवारीवर देवनागरीत सोन्याच्या पाण्याने नाव आहे. कोणाचे? मालकाचे. ती घडवणाऱ्याचे नाही आणि तिच्यासोबत रणात पडलेल्या शिपायांचेही नाही. कंपनीच्या बंदुकीवरही मालकाचीच खूण आहे, आणि तो मालक कंपनी. ज्या महार शिपायाने ती खांद्यावर वाहिली, साफ केली, तिच्यामागे उभे राहून मरण पत्करले, त्याचे नाव तिच्यावर नाही. ती त्याची कधी नव्हतीच. ड्युटी संपली की ती कोतमध्ये जमा होई आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हातात जाई. सरंजाम असो की कंपनी, शस्त्रावर नाव धन्याचे. आपण वर्गणी काढून आणणार होतो ती धन्याची खूण.

मग आपल्या माणसाचे नाव कुठे आहे? एक जागा आपल्याला पाठ आहे, कोरेगावचा स्तंभ. त्यावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांतली २२ 'नाक' प्रत्ययाची, महारांची. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते या नावांसमोर उभे राहण्यासाठी.

दुसरी जागा फारच थोड्यांना ठाऊक आहे. पदकांची कड. ब्रिटिश काळातल्या बहुतेक युद्धपदकांच्या कडेवर ते मिळवणाऱ्याचे नाव आणि पलटण ठसवलेली असते. १८५१ साली कंपनीने जुन्या लढायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर केले आणि त्याच्या फितीवर लावायच्या पट्ट्यांमध्ये कोरेगावचीही पट्टी होती. ते फक्त तोवर जिवंत असलेल्यांना मिळायचे होते. म्हणजे लढाईनंतर तेहतीस वर्षांनी! मधल्या काळात जे म्हातारपणाने, पटकीने, उपासमारीने गेले, त्यांना काही नाही. तरीही ज्यांना मिळाले त्यांची नावे त्या कडेवर आहेत. त्याच लिलावात, बंदुकीच्या शेजारच्या पानावर, पदकेही विकली जातात. आमच्या ग्रुपवर पदकाचा फोटो एकानेही टाकला नाही. बंदूक दिसते, नाव दिसत नाही, ही आपल्या नजरेची खोट आहे.

कोणी म्हणेल, मग बंदुकीतून शिकण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि खूप आहे. पण त्यासाठी ती विकत घ्यावी लागत नाही, वाचावी लागते. संग्राहकांच्या जगात '१८५८ चा नमुना' म्हणून एक बंदूक ओळखली जाते. बाहेरून पाहिली तर ती प्रसिद्ध एनफील्ड रायफलच वाटते. नळीत डोकावले की फरक कळतो. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांनी गोळी फिरत जाते, म्हणून लांबवर नेम साधतो. या बंदुकीच्या नळीतल्या त्या खाचा तासून काढून नळी गुळगुळीत केली आहे. नेम धरण्याची शेकडो यार्डांच्या खुणांची पट्टी काढून तिथे साधा ठोकळा बसवला आहे. कारण? १८५७ नंतर गोऱ्या शिपायाकडे असलेले हत्यार हिंदी शिपायाच्या हातात असता कामा नये, असे ठरले. मरायला बरोबरीने पाठवायचे, मारायचे साधन मात्र मुद्दाम अधू करून द्यायचे! पुढेही तोच शिरस्ता. गोऱ्यांना नवी रायफल मिळाली की त्यांची जुनी हिंदी पलटणींना. तोफा तर डोंगरी तोफखान्याचा अपवाद सोडता हिंदी हातांतून काढूनच घेतल्या.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये या बंदुकीसमोर 'गुळगुळीत नळी' एवढेच लिहिलेले असते. त्या दोन शब्दांमागचे राजकारण आपण सांगितले पाहिजे. कारण ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. शाळा द्यायची पण शिक्षक द्यायचा नाही, आरक्षण द्यायचे पण जागा भरायची नाही. बाहेरून रायफल, आतून खाचा तासलेल्या!

आणि ज्यांना ही अधू बंदूक तरी मिळाली, त्यांच्या मुलांना पुढे तीही नाकारली गेली. 'लढाऊ जमातीं'चा सिद्धान्त आला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. प्लासीपासून कोरेगावपर्यंत अस्पृश्यांच्या बळावर कंपनीने देश जिंकला, हे बाबासाहेबांनी पुढे ठणकावून मांडले; पण राज्य स्थिरावल्यावर त्याच माणसाला 'लढाऊ नाही' म्हणून घरी पाठवले. तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केले? निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळेंनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडलीही. अखेर बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. लेखणीने लढलेली ही पन्नास वर्षे कोणत्याही कॅटलॉगमध्ये येत नाहीत. अर्जाला लिलावात भाव नसतो!

एक कडू गोष्टही बोलून टाकू. बंदुकीचा अभिमान बाळगताना ती कोणावर रोखली होती हे विसरता येत नाही. १९१९ ला जालियनवाला बागेत १६५० फैरी झाडणारे हातही हिंदी शिपायांचेच होते, हुकूम गोऱ्या अधिकाऱ्याचा. आपल्या माणसाला सैन्यात काय मिळाले? पगार, पेन्शन, शाळा, ताठ मान. सुभेदार रामजींच्या घरात पुस्तके आली ती त्या शाळेतून. आपला वारसा हा आहे. नळी आणि चाप हे त्याचे साधन होते.

आता व्यवहाराचे. जुनी बंदूक म्हणजे कायद्याच्या बाहेर, असा एक गैरसमज आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुरातन हत्याराला. ते तसे आहे की नाही हे आपण ठरवत नाही. २०१८ च्या जानेवारीनंतर आपल्या किती पोरांवर केसेस पडल्या आणि किती जणांच्या नोकऱ्या, पासपोर्ट अडले, हे आपण पाहिले आहे. अशा पोरांच्या नावाने परदेशातून बंदुकीचे पार्सल मागवायचे? तलवार आणणारे सरकार असते तेव्हा स्वागत होते. बंदूक आणणारी वस्तीतली पोरे असतील तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग करायचे काय? त्या संग्राहकाकडून एक गोष्ट शिकायची : खुणा वाचायची आणि नोंद ठेवायची सवय. आपल्या कोकणातल्या, साताऱ्यातल्या, नगर-पुण्याच्या गावांतल्या घरांत पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत आजोबा-पणजोबांची पेन्शनबुके, डिस्चार्जची कागदे, पलटणीचे गटफोटो, एखादे पदक आहे. किती पदके अडचणीच्या दिवसांत चांदीच्या भावाने सोनाराकडे मोडली गेली याची गणती नाही. जी उरली आहेत त्यांच्या कडेवरचे नाव भिंगातून वाचा, लिहून घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फोटोतल्या माणसांची नावे सांगणारी शेवटची म्हातारी अजून आहे तोवर तिच्याजवळ बसा. पुराभिलेखागारात अर्ज करा. वर्गणी काढायचीच तर स्कॅनरसाठी काढा, दोन पोरांच्या प्रवासखर्चासाठी काढा. आणि उद्या नाव असलेले पदक लिलावात दिसले, त्याचे कागद पक्के असले, तर पहिली पावती आम्ही फाडू.

हे काम इतके निकडीचे का आहे? इराकमधल्या बसरा स्मारकावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा लिहिला गेला : इतर इतके. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी माफी आली. पण नावे कोणी शोधायची?

ग्रुपवर शेवटी काय झाले? बंदूक दुसऱ्याच कोणी घेतली. जमा व्हायची वर्गणी जमा झालीच नाही. पण बंदुकीसाठी आमच्याशी सर्वांत जास्त भांडलेल्या मित्राने आठवड्याने एक फोटो पाठवला. त्याच्या आजीच्या ट्रंकेतले काळे पडलेले पदक, आणि कडेवर अर्धवट झिजलेली अक्षरे. खाली एकच ओळ : "शेवटची तीन अक्षरे एन-ए-के आहेत. आधीची लागत नाहीत. भिंग कोणाकडे आहे?"

भिंग घेऊन आम्ही येत्या रविवारी जात आहोत. तुमच्या घरची ट्रंकही उघडा.

जयभीम.