चेनची निगा चुकवू नका
पावसाळ्यात शिंदखेड्याच्या शेतरस्त्यांवर काळ्या मातीचा चिखल मोटरसायकलच्या चेनवर चढतो. उन्हाळ्यात धूळ जुन्या तेलात मिसळून स्प्रॉकेटचे दाते खाते. इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोहोचवण्याचे मुख्य मार्ग तीन: पट्टा, शाफ्ट आणि चेन. हार्ले-डेव्हिडसनच्या बऱ्याच गाड्यांतला दातेरी पट्टा तेल मागत नाही, पण खडा अडकला तर खराब होतो. बीएमडब्ल्यूच्या काही मोठ्या गाड्यांतला शाफ्ट बंद नळीत फिरतो; निगा कमी, पण वजन आणि किंमत जास्त. आपल्या खेड्यापाड्यांना चेनच योग्य: स्वस्त, हलकी, कोणत्याही गॅरेजात बदलता येणारी. मात्र ती लक्ष मागते. दर पाचशे-सातशे किलोमीटरला, आणि चिखलातून आल्यावर लगेच, ती पुसून तेल द्या. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील ठेवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चेनकव्हर काढून फेकू नका. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदला, झिजलेले दाते नवी चेन लवकर संपवतात. आणि इंजिन चालू असताना चेनला फडकं कधीच लावू नका. क्षणात बोटं जातात.